फिका की गडद? सांगलीतल्या घराच्या भिंतींसाठी

हॉलला मोतिया रंग द्यायचा की गडद निळा, हे शेडकार्ड बघून ठरवू नका. दुपारी सगळे दिवे बंद करून त्या खोलीत पेपर वाचून बघा. अक्षरं नीट लागत नसतील तर फिकाच रंग घ्या. पांढऱ्याच्या जवळपासचे रंग अंगावर पडलेल्या उजेडातला ७०-८० टक्के परत देतात, गडद निळा जेमतेम १० टक्के. गावभागातल्या एकमेकांना चिकटून असलेल्या जुन्या घरांत भरदिवसा ट्यूब लावायची की नाही, हे बरंचसं यावरच ठरतं. विश्रामबागेकडच्या, दोन्ही बाजूंनी खिडक्या असलेल्या फ्लॅटमध्ये मात्र गडद भिंत खरंच देखणी दिसते.

पण आपल्याकडे उजेडाच्याही आधी ओल बघावी. २००५ला, २०१९ला कृष्णेचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथल्या भिंतींत क्षार मुरलेले असू शकतात. भिंत वाळताना ते पांढऱ्या भुकटीसारखे वर येतात आणि गडद रंगावर लांबूनही नजरेत भरतात. फिक्या रंगात ही भुकटी लपते, ओलीचा पिवळट डाग मात्र लपत नाही. अशा भिंतीला गडद रंग देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि रंग कुठलाही असो, पोपडे खरवडून, भिंत पुरती वाळू देऊन मगच प्रायमर मारा. त्यासाठी उन्हाळाच बरा.

खर्चात फिका स्वस्त पडतो. त्याचं बहुधा दोन हातांत भागतं, गडदला अनेकदा तिसरा लागतो. पुढे कंटाळा येऊन गडदावर फिका द्यायचा झाला, तर पुन्हा प्रायमरपासून सुरुवात.

लहान मुलं आहेत म्हणून गडद घ्या, असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. तेलकट हात त्यावर कमी दिसतात, पण मॅट गडद भिंतीला खुर्ची घासली की पांढरा ओरखडा उठतो, आणि तेवढ्यापुरता रंग लावला तर ठिगळ दिसतं. मुलांच्या खोलीला फिका, पण धुता येणारा इमल्शन घ्या.

गडदाची हौस असेलच, तर एकच भिंत करा. बाथरूमला लागून असलेली नको. आधी दोन फुटांचा चौकोन रंगवून सकाळी बघा, रात्री घरच्याच दिव्यात बघा. पिवळ्या दिव्याखाली निळा मळकट वाटला, तर गडद हिरवा लावून बघा.