तासाला जाताना दप्तर कुठे: पाठीवर, वर्गात की कप्प्यात?

पालक-शिक्षक संघाच्या किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दप्तराचा विषय निघाला की बोलणं लगेच शिस्तीवर जातं. एक जण म्हणतो, जिन्यात सॅकची धक्काबुक्की होते, बंदी घाला. दुसरा म्हणतो, वर्गातून डबे आणि पेनं जातात, दप्तर मुलाजवळच हवं. दोघांचंही खरं आहे. पण मत देण्याआधी तुमच्या शाळेचं वेळापत्रक समोर घ्या आणि तीन गोष्टी बघा: मूल दिवसातून किती वेळा खोली बदलतं, किती जिने चढतं, आणि मागे रिकाम्या राहिलेल्या वर्गाला कुलूप कोण लावतं.

सोलापुरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांच्या बहुतेक शाळांत मुलं आपल्या वर्गातच बसतात आणि शिक्षक बदलतात. खोली बदलते ती प्रयोगशाळा, संगणक, चित्रकला आणि मैदान एवढ्यापुरती. काही नव्या इंग्रजी शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयं यांची गोष्ट वेगळी. तिथे विषयागणिक खोली बदलू शकते. दोन्हीकडे एकच नियम लावणं चुकीचं.

दप्तर सतत पाठीवर ठेवू देणं शाळेला सर्वांत सोपं. खर्च नाही, ‘पुस्तक वर्गात राहिलं’ ही सबब नाही, चोरीची तक्रार नाही. किंमत मोजतं ते मूल. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको. सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो, आठवीसाठी २.५ ते ४ आणि नववी-दहावीसाठी २.५ ते ४.५ किलो अशी मर्यादा त्यात दिली आहे. आता आपल्या गावाचा विचार करा. मार्च उजाडला की पारा चाळिशीकडे निघतो. लिटरभर पाण्याचं वजन १ किलो. सहावीतल्या ३० किलोच्या पोराला ३ किलोची मुभा, त्यातला तिसरा हिस्सा नुसत्या पाण्याचा. सोलापूरच्या उन्हात ‘बाटली आणू नको’ असं कोणती आई म्हणेल? त्याच धोरणात शाळेने पिण्याचं चांगलं पाणी पुरवावं, म्हणजे बाटलीचं ओझं टळेल, असंही म्हटलं आहे. म्हणून बैठकीत दप्तराआधी पाण्याच्या टाकीचा आणि फिल्टरचा प्रश्न विचारा.

वजनापेक्षा मला जास्त खटकते ती दोन तासांमधली घाई. घंटा झाली की मूल सॅकचे दोन्ही पट्टे नीट घालत बसत नाही, एका खांद्याला अडकवून पळतं. ओझं एका बाजूला येतं, दुसरीकडे अंग कलतं, आणि हे दिवसातून पाच-सहा वेळा होतं. प्रयोगशाळेत तर बाकांमधल्या वाटेत पडलेलं दप्तर सरळ धोक्याचं. तिथे स्पिरिटचा दिवा आणि आम्लाची बाटली हातात घेऊन मुलं फिरत असतात. बाकी नियम काहीही ठरो, प्रयोगशाळेत दप्तर नको.

पाचवी ते आठवीसाठी माझं मत स्पष्ट आहे: दप्तर वर्गातच राहावं. त्या तासाचं पुस्तक, वही आणि कंपास एवढंच सोबत न्यावं. हे शहर गणवेश शिवणारं आहे. गणवेशाबरोबर खांद्याला लावायची एक छोटी कापडी पिशवी शिवून घेणं शाळांना अवघड नाही. पण हा नियम कुलपाशिवाय टिकत नाही. मैदानावर गेलेल्या तुकडीचा वर्ग कोण बंद करणार, किल्ली वर्गप्रतिनिधीकडे की शिपाईमामांकडे, परत आल्यावर कोण उघडणार, हे लिहून ठरवा. नाहीतर पहिल्याच महिन्यात दोन डबे आणि एक घड्याळ गायब होईल आणि पालकच म्हणतील, दप्तर पाठीवरच बरं.

लहान पिशवीची परवानगी मात्र सगळ्यांना, कारण न विचारता. पाळीच्या दिवसांत मुलीला पॅड घेऊन स्वच्छतागृहात जावं लागतं. सरसकट बंदी असली तर तिला भर वर्गात परवानगी मागावी लागते, आणि फक्त तिलाच पिशवी दिली तर साऱ्या वर्गाला कारण कळतं. दम्याचा पंप किंवा मधुमेहाची औषधं बाळगणाऱ्या मुलांचंही तेच. हा मुद्दा बैठकीत कुणी काढत नसेल तर तुम्ही काढा.

कप्पे किंवा लॉकर हा तिसरा मार्ग. घर ते शाळा या वाटेवरचं ओझंही कमी करणारा तो एकटाच. नववी-दहावीला आणि अकरावी-बारावीला, जिथे जाडजूड पुस्तकं आणि प्रयोगवह्या असतात, तिथे तो खर्चाच्या लायकीचा आहे. अडचण दोन सत्रांच्या इमारतीत येते. सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी भरत असेल, तर वर्गातले उघडे कप्पे निरुपयोगी. व्हरांड्यात कुलपाची लोखंडी कपाटं हवीत. शिवाय दर तासाला कपाटाकडे धाव घेऊ दिली तर शिकवायचा वेळ तिथेच जातो. शाळा भरण्याआधी, मधल्या सुट्टीत आणि सुटल्यावर, एवढीच मुभा पुरे.

पुस्तक कप्प्यात राहिलं तर घरी अभ्यास कशावर? उत्तीर्ण झालेल्या मुलांकडून जुने संच गोळा करा आणि ते शाळेतच ठेवा, नवा संच घरी राहील. अभ्यासक्रम बदलेल त्या वर्षी त्या इयत्तेपुरती ही सोय थांबेल, इतकंच. राज्याने २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकातच वहीची पानं घालून पाहिली, पण मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. चाकांच्या बॅगा सुचवणारेही भेटतील. जिन्याच्या शाळेत त्या नकोत, धोरणही त्यांच्या विरोधातच आहे.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे ठराव मांडणं तुमच्या हातात आहे. मुख्याध्यापकांना एक वजनकाटा मागा, एका तुकडीची दप्तरं वर्षासहलीच्या नव्हे तर भरगच्च वेळापत्रकाच्या दिवशी तोला, आणि ते आकडे घेऊनच बैठकीला बसा.