सीलोम की शीमेन? बडोद्याहून निघणाऱ्या दोघांसाठी

परवा ओळखीतल्या एका जोडीचा फोन आला. एक मांजलपूरचा, दुसरा आणंदचा. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस कुठंतरी जायचंय, आणि 'जिथं भाऊ-भाऊ म्हणून राहावं लागणार नाही' अशी जागा हवी. गोवा दोनदा झालंय. मुंबईत आणंदवाल्याची आत्या राहते, त्यामुळे मुंबई बाद. शेवटी गे वस्त्या म्हणून ओळखली जाणारी दोन नावं उरली: बँकॉकमधलं सीलोम आणि तैवानच्या तैपेईमधलं शीमेन. आम्ही दोघं दोन्हीकडे राहून आलोय, म्हणून मला विचारलं. फोनवर थोडक्यात सांगितलं, इथं जरा सविस्तर लिहितो.

'आम्ही दोघं' म्हणजे मी आणि माझा पार्टनर. आमच्या गावात हा शब्द जपून वापरावा लागतो. बडोद्यात कुणाला 'हा माझा पार्टनर' म्हणून सांगा, लगेच पुढचा प्रश्न येतो, "शेनो धंधो?" आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांचा अजून समज आहे की आमचं पंपाचं दुकान आहे. आईचा वाडा दांडिया बाजारात, तिथं तो 'मित्र' असतो. मित्राला जेवायला वाढतात, डबा भरून देतात, फक्त लग्नाच्या पत्रिकेवर आमची नावं वेगवेगळी येतात. तक्रार नाही, पण आठ दिवस तरी हे सगळं घरी ठेवून जाता यावं, एवढीच सहलीकडून अपेक्षा होती.

कायद्याचं पटकन सांगून टाकतो, कारण दोन्हीकडे तो आता आपल्या पुढे आहे. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग गेला, पण १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा प्रश्न संसदेकडे टोलवला. तैवानमध्ये २४ मे २०१९पासून लग्नं होतात, आशियात पहिलं तेच. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५पासून. पर्यटकाला ह्या तारखांचा थेट उपयोग शून्य. तिथून लग्न लावून आलात तरी इथं बँकेत ते चालणार नाही. पण हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी एक पलंग की दोन हे कोणत्या सुरात विचारते, ते ह्या तारखांमुळेच बदललेलं असावं असं मला वाटतं. दोन्ही शहरांत तिने ते चहात साखर किती विचारावं तसं विचारलं. ह्या बाबतीत दोघांना सारखे गुण.

आम्ही बँकॉकला गेलो ते फेब्रुवारी २०२५मध्ये, कायदा नुकता लागू झालेला. अहमदाबादहून थेट विमान, त्यामुळे जाणं सोपं. सीलोम हा रस्ता दिवसा बँकांचा आणि ऑफिसांचा, संध्याकाळनंतर त्याच्या गल्ल्यांचा. सोय २ आणि सोय ४ (थाई भाषेत सोय म्हणजे गल्ली) ह्या दोन गल्ल्या कित्येक दशकं गे मंडळींच्या म्हणून ओळखल्या जातात. सोय २मध्ये नाच, सोय ४मध्ये बसणं. सोय ४ इतकी अरुंद आहे की दोन्ही बाजूंच्या बारची टेबलं समोरासमोर येतात, आणि मधून जाणारा प्रत्येक जण आपोआप रॅम्पवर चालल्यासारखा होतो. पोळांच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या गल्ल्यांच्या, ओट्यांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची उजळणी करणारे आपले काका आठवले. फक्त इथले काका टाइट टीशर्टमध्ये होते आणि कुणाच्या मुलीचं जमलं ह्याची चौकशी करत नव्हते.

बँकॉकबद्दल मी वाईट बोलणार नाही. नाचायचं असेल, तर तैपेई त्याच्या पासंगालाही पुरत नाही. अनोळखी माणसं येऊन गप्पा मारतात, एकट्याने गेलात तर एकटे राहत नाही. सीलोम रस्त्यावरच तमिळ लोकांनी बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ आहे आणि आसपास इडली-डोसा मिळतो, म्हणजे कांदा-लसूण न खाणारा सोबत असला तरी तो उपाशी मरत नाही. सकाळी लुंपिनी बागेत जाऊन घोरपडी बघाव्यात. आपण विश्वामित्रीतल्या मगरींच्या गावचे, त्यामुळे आपल्याला त्यांचं फारसं कौतुक वाटत नाही, पण गोरे पर्यटक काय दचकतात ते बघण्यासारखं असतं. आणि स्वस्त. तैपेईच्या एका रात्रीच्या भाड्यात आम्ही सीलोमला जवळपास दोन रात्री काढल्या.

आता जे घडलं ते.

दुसरी संध्याकाळ. सोय ४मध्ये बाहेरच्या टेबलावर बसलो होतो. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर. ह्यात सांगण्यासारखं काही नाही असं वाटेल, पण सतरा वर्षांत उघड्यावर तो हात तिथं पहिल्यांदा आला होता. शेजारीच पटपोंग आहे, ते कशासाठी प्रसिद्ध आहे ते सांगायला नको. तिथून वाट चुकल्यासारखं दाखवत दहा-बारा जणांचा घोळका गल्लीत शिरला. कुठल्यातरी कंपनीची डीलर टूर, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या. मोबाइल वर धरलेले. "जो जो, पेला बेने जो." (बघ बघ, त्या दोघांना बघ.) मी मान खाली घातली. तेवढ्यात त्यांच्यातला एक जण थांबला, टोपी वर केली आणि म्हणाला, "अरे! तमे अहीं?"

आमच्या सोसायटीतला माणूस, सी विंगचा. दर रविवारी पाण्याच्या टाकीवरून आमच्याशी भांडणारा.

पार्टनरचा हात माझ्या गुडघ्यावरून केव्हा गेला ते मला कळलंही नाही. टेबलाखाली माझी बोटं रिकामी राहिली, एवढंच कळलं. सी विंगवाल्याला काही संशय आला नाही, हे जास्त वाईट. तो खूश झाला. आम्हीही 'मजा करवा' आलोय, त्याच्यासारखेच गंमत बघायला आलोय, असं त्याने धरलं. पाठीवर थाप मारली, डोळा मारला, 'घरे ना केता' म्हणून स्वतःच गुपित ठेवायची शपथ घातली. आणि मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

पुढचे तीन दिवस आम्ही बँकॉकमध्ये बडोद्यासारखे चाललो. दोघांत एक हात अंतर. मारिअम्मनच्या देवळात गुजराती ऐकू आलं की अंतर वाढायचं. डोशाच्या दुकानात शेजारच्या टेबलावर सुरतचं कुटुंब, मॉलमध्ये राजकोटचं. एका मावशींनी तर माझ्या तोंडचं मराठी ऐकून "तुम्ही बडोद्याचे का? कुणाकडचे?" असं विचारून, तीन मिनिटांत माझ्या आत्येबहिणीच्या सासरपर्यंत पत्ता लावला. त्यात त्यांची काही चूक नाही. बडोद्याची मराठी माणसं चंद्रावर भेटली तरी हेच करतील.

दोष बँकॉकचा नाही, हे मला मान्य आहे. थाई लोकांनी आमच्याकडे दुसऱ्यांदा वळूनही पाहिलं नाही. पण वस्ती कितीही आपली असली तरी तिथं पाहुणे कोण येतात हेही बघावं लागतं, आणि बँकॉकला निम्मा गुजरात येतो. ही गोष्ट प्रवासाच्या कुठल्याही यादीत लिहिलेली नसते. ज्यांचं घरी सगळं सांगून झालंय, त्यांना हा मुद्दा लागूच नाही. त्यांनी खुशाल सीलोमला जावं आणि माझ्या वतीनेही नाचावं. नवरात्रात सी विंगवाला गरब्याच्या मैदानात दिसला की अजून डोळा मारतो.

तैपेईला गेलो ते त्याच वर्षी दिवाळीत. भाऊबीज आटोपली आणि त्याच रात्री निघालो, बहिणीने दिलेली चकली वाटेतच संपली. तैपेईचा प्राइड मोर्चा, म्हणजे आपल्यासारख्यांचा दरवर्षीचा मोर्चा, २००३पासून निघतो, हल्ली ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी. दिवाळी पुढे-मागे होते, तेव्हा तारखा जुळतात का ते आधी पंचांगात बघा. थेट विमान नाही, एकदा तरी बदलावंच लागतं. व्हिसा लागतो. पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा व्हिसा असेल तर ऑनलाइन परवानगीवर भागू शकतं, नाहीतर कागदपत्रांची फाइल करा. नियम बदलतात, जाण्याआधी ताजे बघून घ्या.

शीमेन म्हणजे पश्चिम दरवाजा. आपला लहरीपुरा दरवाजा जसा शहराच्या पश्चिमेला, तसा तिथं एक होता. जपान्यांनी तो १९०५मध्ये पाडला, नाव तेवढं राहिलं. त्याच जपान्यांनी १९०८मध्ये तिथं लाल विटांची अष्टकोनी मंडई बांधली. तिला आता रेड हाउस म्हणतात. मंडईचं पुढे नाटकगृह झालं, मग सिनेमा. तिच्या मागच्या चौकात आज ओळीने गे बार आहेत, उघड्यावर टेबलं मांडलेले. समोरून शाळेच्या दप्तरांसकट पोरं जातात, आजी-आजोबा फिरायला येतात, कुणी थांबून बघत नाही आणि कुणी मुद्दाम नजर चुकवतही नाही. मेट्रोच्या सहा नंबरच्या दारातून बाहेर पडलं की रस्त्यावरच इंद्रधनुष्याचे पट्टे रंगवलेले. सगळे त्यावर उभं राहून फोटो काढतात, आम्हीही काढला. तो फोटो मोबाइलमध्ये 'ऑफिस' नावाच्या फोल्डरमध्ये आहे.

खरं सांगायचं तर शीमेन पहिल्या रात्री मिळमिळीत वाटतं. लोक लाजरे. आपणहून कुणी बोलायला येत नाही, इंग्रजी बेताचं, आणि अकरा वाजता मला वाटलं की आपण एवढे पैसे भरून बडोद्याच्या सुरसागर तळ्याच्या काठावर बसायला आलोय. पण सुरसागरच्या काठावर मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून कधी बसलो नाही. इथं बसलो, सलग दोन तास. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. 'केम छो' ऐकू येईल म्हणून कान टवकारले नव्हते, हे तर हॉटेलवर परतल्यावर लक्षात आलं.

जेवणाची काळजी वाटत होती, ती फुकट गेली. तैवानमध्ये बौद्धांमुळे शाकाहारी खाणावळी भरपूर, आणि पुष्कळ ठिकाणी पाटीवर चक्क स्वस्तिक असतं, वळणं उलटी असलेलं. पार्टनर मूळचा स्वामिनारायणी घरातला. बाहेरच्या देशात स्वस्तिकाखाली बिनकांदा-लसणाचं जेवण मिळतंय म्हटल्यावर तो जो खुलला, की पाचही दिवस दुपारी तिथंच. ताटात हवं ते वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. बँकॉकमध्येही शुद्ध शाकाहाराची खूण असते, पिवळ्यावर लाल, दिसायला इंग्रजी सतरासारखी, पण ती आम्हाला शोधावी लागली. इथं खाणावळच समोर यायची.

मोर्चाबद्दल फार लिहीत नाही. लाखाच्या वर माणसं असतील. गर्दीत दोन गोष्टी लक्षात राहिल्या: एका बाईने पाठीवर आपल्या मुलाचा मोठा फोटो बांधला होता, आणि सिग्नल लाल झाला की एवढा प्रचंड मोर्चा निमूट थांबायचा. बडोद्यात गणपतीची मिरवणूक सिग्नलला थांबलेली मी अजून पाहिली नाही.

एक जागा मात्र चुकवू नका. शेजारच्या नव्या तैपेई शहरात ससादेवाचं छोटं देऊळ आहे, तू-अर-शेन म्हणतात त्याला. पुरुषांच्या पुरुषांवरच्या प्रेमाचा देव. फुजियानकडची जुनी दंतकथा अशी की एका शिपायाचा वरच्या अधिकाऱ्यावर जीव जडला, त्याला मारून टाकलं गेलं आणि मग पाताळात त्याला हे खातं मिळालं. देऊळ म्हणजे इमारतीतली एक खोली. उदबत्तीचा धूर, गोळ्यांच्या बरण्या. तिथली रीत अशी की देवाला आधी स्वतःचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगायचा, म्हणजे वर पोचवणाऱ्याला घर सापडतं. मी मराठीत सांगितलं. नाव, तारीख, मग बी विंग, तिसरा मजला, वाघोडिया रोड, वडोदरा. मग त्याने सांगितलं. त्याचं नाव, त्याची तारीख, आणि पत्ता तोच. एका पत्त्यावर दोन नावं, तीही कुणासमोर मोठ्याने, हे आम्ही रेशनकार्डावरही कधी केलेलं नाही.

बडोद्यात आपलं काहीच नाही असं समजू नका. लक्ष्य ट्रस्ट २०००पासून इथं आपल्यासारख्यांसाठी काम करतोय, आणि राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल २००६मध्ये उघडपणे बोलले तेव्हा त्यांचे पुतळे जाळले गेले, तरी ते मागे हटले नाहीत. आम्हाला तेवढं धाडस नाही, म्हणून तर विमानाची तिकिटं काढावी लागतात.

तर त्या जोडीला मी एवढंच म्हटलं: वय पंचविशीचं असेल, नाचायचं असेल, खिसा बेताचा असेल तर बँकॉक, आणि शक्यतो दिवाळी-उन्हाळ्याची सुट्टी सोडून, म्हणजे टोप्यावाले कमी भेटतील. बाकी तुमची मर्जी. आणंदवाला म्हणाला, "पण काका, बँकॉक निम्म्यात होतं ना?" होतं, मी म्हटलं, निम्म्यातच होतं. (काका म्हणाला, त्याचाही थोडा राग आला.)

काल रात्री मांजलपूरवाल्याचा मेसेज आला. ससादेवाला काय घेऊन जायचं, लिलो चेवडो चालेल का. मी कळवलं, चेवडो विमानात संपवा, देवासाठी चिक्की न्या. आणि पत्ता पिनकोडसकट सांगा.