सौर पाणी अपुरे पडते तेव्हा: लहान बाथरूमसाठी कोणता गिझर?

पुण्यातील अनेक सोसायट्यांच्या गच्चीवर सौर बंब बसवलेले आहेत आणि त्यांचे गरम पाणी सकाळी काही तास घराघरांत येते. त्यामुळे बाथरूमचे नूतनीकरण काढले, तरी गिझरचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, फरशा बसून झाल्यावर होतो. खरे तर तो सर्वांत आधी व्हायला हवा, कारण कोणता गिझर घेणार यावर भिंतीतील वायरची जाडी, पाइपांची मांडणी आणि एका प्रकारात तर गिझर कोणत्या खोलीत लावायचा हेसुद्धा ठरते. पुढील तुलना ४ × ६ फुटांचे बाथरूम, तीन माणसांचे कुटुंब आणि सोसायटीचे सौर पाणी असे घर डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

पूरक गिझर थंडीसाठी लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे आकाश बहुतेक निरभ्र असते आणि सौर बंब समाधानकारक चालतो. खरी ओढाताण होते ती जुलै-ऑगस्टमध्ये, आठवडा-आठवडा ऊन पडत नाही तेव्हा. त्या दिवसांत नळाचे पाणी हिवाळ्याइतके गार नसते. ते साधारण २४ अंश सेल्सिअस धरले आणि आंघोळीला ४० अंशांचे पाणी पुरेसे मानले, तर गिझरने १६ अंशांचीच वाढ द्यायची असते. हिवाळ्यात जाणवणारी अडचण निराळी आहे: रात्रभर पाइपात उभे राहिलेले गार पाणी आधी वाहून जावे लागते. २० मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे ०.३ लिटर पाणी मावते, म्हणजे गच्चीपासून २५ मीटर लांबीच्या पाइपात जवळजवळ ८ लिटर. ते बादलीत धरून कपडे किंवा फरशी धुण्यास वापरावे. एवढ्यासाठी मोठा गिझर घेण्याचे कारण नाही.

लहान बाथरूममध्ये पहिली पसंती सहसा ३ लिटरच्या इन्स्टंट गिझरला मिळते. तो आकाराने लहान, किमतीला कमी आणि बटण दाबताच चालू होणारा असतो. त्याची क्षमता ३ किलोवॉट असते आणि तेवढी वीज मिनिटाला सुमारे ४३ किलोकॅलरी उष्णता देते (एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते). त्यामुळे पावसाळ्यात मिनिटाला पावणेतीन लिटरच्या आसपास हवे तसे पाणी मिळते आणि १८ लिटरची बादली भरायला सुमारे ७ मिनिटे लागतात. बादलीने आंघोळ करणाऱ्या एक-दोन माणसांना हे पुरेसे आहे. शॉवरला मात्र ही धार फार बारीक पडते. शिवाय विजेचा दाब २३० वरून २०० व्होल्टपर्यंत उतरला, तर गिझरची शक्ती सुमारे पाऊणपट होते, म्हणजे बादलीला आणखी दोन-अडीच मिनिटे लागतात. एका गोष्टीची मला विशेष काळजी वाटते. नळाची धार अचानक कमी झाली, की याच गिझरचे पाणी एकदम चटका बसेल इतके तापू शकते. म्हणून वृद्धांनी आणि मुलांनी थेट त्याच्या धारेखाली उभे राहू नये.

१५ लिटरचा, २ किलोवॉटचा स्टोरेज गिझर, म्हणजे टाकीत पाणी तापवून साठवणारा, २४ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला सुमारे १९ मिनिटे घेतो. त्या पाण्यात गार पाणी मिसळले, की ४० अंशांचे ३३ ते ३४ लिटर पाणी होते, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. इन्स्टंट गिझर वीज वाचवतो असे दुकानात सांगितले जाते, पण त्यात अर्धेच तथ्य आहे. एका बादलीसाठी लागणारी उष्णता दोन्हींत सारखीच, पावसाळ्याच्या हिशेबाने सुमारे एक तृतीयांश युनिट. स्टोरेज गिझरमध्ये वीज वाया जाते ती न वापरलेले पाणी टाकीत निवत राहिल्याने. घरातली माणसे पाठोपाठ आंघोळ करत असतील तर हा तोटा नगण्य होतो. स्टोरेज गिझरवरचे तारांकनही (स्टार रेटिंग) टाकीतली उष्णता किती टिकते याचेच मोजमाप आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मात्र दोन्ही गिझरांच्या कॉइलवर थर बसतो, आणि स्टोरेज गिझरच्या टाकीतील गंज रोखणारी मॅग्नेशियमची कांडीही वेळोवेळी बदलावी लागते.

गॅस गिझरचे पाणी सर्वांत जोरदार आणि अखंड येते, हे मान्य करायला हवे. तरीही तो बाथरूमच्या आत कधीही लावू नये, आणि हे मी अत्यंत कळकळीने लिहीत आहे. ८ फूट उंचीच्या अशा बाथरूममध्ये जेमतेम ५.५ घनमीटर हवा असते. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गॅस गिझर १० मिनिटांत जवळजवळ २ घनमीटर हवा ज्वलनासाठी ओढतो. दार-खिडकी बंद असेल तर प्राणवायू घटतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, त्यामुळे आंघोळ करणाऱ्याला गुंगी येईपर्यंत धोक्याचा पत्ताच लागत नाही. घराला खरोखर मोकळी ड्राय बाल्कनी असेल आणि गिझर तेथे बसवून केवळ गरम पाण्याचा पाइप आत आणता येत असेल, तरच या पर्यायाचा विचार करावा. ती बाल्कनी पुढेमागे काचा लावून बंद करण्याचा बेत असेल, तर गॅस गिझरचा विचारही सोडून द्यावा.

माझ्या मते तीन माणसांच्या घराने १५ लिटरचा स्टोरेज गिझर घ्यावा. एकट्याने राहणाऱ्याला किंवा पाहुण्यांच्या बाथरूमला इन्स्टंट पुरेल. गिझर माळ्याखाली आडवा बसवायचा असल्यास आडव्याच बनावटीचा मागावा. उभा गिझर आडवा करून चालत नाही. भविष्यात पर्याय बदलता यावा म्हणून ३ किलोवॉटच्या हिशेबाने, म्हणजे सुमारे १३ अँपिअरसाठी, ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आत्ताच करून घ्यावा, आणि स्विच बाथरूमबाहेर ठेवावा. गरम पाण्यासाठी पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे असावेत. सौर पाण्याची आणि गिझरची लाइन जोडताना दोन्हींवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे) बसवावेत. ते नसल्यास आपल्या मिक्सरमधून गार पाणी सौर लाइनमध्ये शिरून शेजाऱ्यांचे गरम पाणी कोमट करू शकते. हे व्हॉल्व्ह फरशीआड गाडू नयेत, हात पोहोचेल अशा उघडत्या झाकणामागे ठेवावेत आणि फरशा बसण्यापूर्वी पाइपांचे फोटो काढून ठेवावेत.