भिलारला लिहायला जाणार असाल तर

सांगलीकडे वायरमन होतो, आता निवृत्त आहे आणि त्या नोकरीवर पुस्तक लिहितोय. घरी बसलं की 'काका, जरा मीटर बघता का' म्हणून कोणीतरी दार वाजवतंच. म्हणून गेल्या डिसेंबरात वह्या उचलल्या आणि भिलारला जाऊन राहिलो.

पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे पुस्तकांचं गाव. वेल्समधल्या हे-ऑन-वे गावावरून कल्पना घेऊन सरकारनं ४ मे २०१७ ला ते सुरू केलं. तिकडे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, इथे गावकऱ्यांनीच घरातली एखादी खोली, नाहीतर पडवी पुस्तकांना देऊन टाकलीय. सुरुवातीलाच २५ ठिकाणी मिळून पंधराएक हजार मराठी पुस्तकं होती. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात संतसाहित्य, आणखी कुठे चरित्रं. कपाट उघडायचं आणि वाचत बसायचं, त्याचे पैसे नाहीत. काही घरांत राहण्या-जेवणाची सोय आहे, तिथे भाडं पडतं.

पण ही सगळी सोय वाचणाऱ्याची आहे. लिहिणाऱ्यानं आपली आपण करून घ्यायची. माझा पहिला सल्ला, तुम्ही जे लिहिताय त्याच प्रकारची पुस्तकं असलेल्या घरात उतरू नका. मी आत्मचरित्रांचं घर मुद्दाम टाळलं. रात्री दुसऱ्याच्या आठवणी वाचल्या की सकाळी आपल्या आठवणी त्याच्याच सुरात बोलायला लागतात. मी उतरलो तिथे इतिहासाची कपाटं होती, आणि शिवकाळात पोलवर कोणी चढत नव्हतं, त्यामुळे मी निर्धास्त.

खोली स्वच्छ होती. वायरिंग बघायची खोड जात नाही, तेही ठीक होतं, अर्थिंगसुद्धा होतं. फक्त टेबल असं ठेवलेलं की ट्यूब बरोबर पाठीमागे, वहीवर स्वतःच्याच डोक्याची सावली. प्लग पलंगाच्या उशाशी. घरच्या वहिनींना म्हटलं, टेबल खिडकीशी घेऊ का? त्यांनी मुलाला हाक मारली आणि दोन मिनिटांत काम झालं. लॅपटॉपवाल्यांनी एक्स्टेंशन बोर्ड बरोबर न्यावा.

त्या खिडकीत पुस्तकातलं २०१९ च्या महापुराचं प्रकरण लिहून झालं. घरी ते कित्येक महिने अडकलेलं. डीपी (ट्रान्सफॉर्मर) पाण्याखाली, सप्लाय बंद, अंधारात बसलेली माणसं आमच्यावर चिडलेली, आणि पाणी ओसरल्यावर चिखल धुऊन एकेक लाइन चालू करत जायचं. सांगलीत बसून लिहिताना मी सारखा कुणाला तरी उत्तर देत होतो. इथे विचारणारं कोणी नव्हतं, त्यामुळे नुसतं काय घडलं तेवढंच उतरलं. एका संध्याकाळी लाइट गेली तेव्हा सवयीनं चप्पल घालायला उठलो. वहिनी म्हणाल्या, "बसा हो काका, येईल." आली.

जेवण घरचं. भाकरी, घेवड्याची उसळ, ठेचा. तिखट झेपत नसेल तर आधी सांगा. त्या दिवसांत स्ट्रॉबेरीची तोडणी सुरू असते, घरातली माणसं सकाळीच रानात जातात, त्यामुळे नाश्त्याला उशीर होतो. माझ्या दृष्टीनं हे चांगलंच, तेवढ्या वेळात दोन पानं होतात. पहाटे चहा लागणाऱ्यांनी थर्मास न्यावा.

शनिवार-रविवारी मात्र लिहिण्याचं नाव काढू नका. पर्यटकांच्या गाड्या येतात, माणसं घरात येऊन फोटो काढतात, आणि एकानं मलाच गावचा लेखक समजून शेजारी उभं केलं. सोमवारी जाऊन शुक्रवारी परतावं. पावसाळ्यात जाऊच नये. या डोंगरावर पाऊस थांबत नाही, कागद सादळतो आणि शाई फुटते. खोलीसाठी आधी फोन करा, आणि टेबल आहे का हे भाड्याच्या आधी विचारा.