ओसाकात खायला कुठे जायचं: कुरोमोन, दोतोनबोरी, शिनसेकाई की तेन्जिनबाशी?

जपानच्या बहुतेक सहलींत ओसाकाच्या वाट्याला एखादी संध्याकाळ येते, फार तर दीड दिवस. क्योतोची देवळं आणि नाराची हरणं उरकून माणूस ओसाकात पोचतो तो भुकेलेला आणि दमलेला. टूरवाले त्याला दोतोनबोरीला सोडतात, यूट्यूबवाले कुरोमोनला पाठवतात. माझं मत आधीच सांगून टाकते: मासे-मांस खाणारे असाल आणि एकाच ठिकाणी जायला वेळ असेल, तर तेन्जिनबाशीसुजी आणि तिच्या शेजारचं तेनमा. बाकी तिन्ही ठिकाणी जायलाही कारणं आहेत, पण ती सगळ्यांना लागू होत नाहीत.

सगळ्यात जास्त अपेक्षाभंग कुरोमोनला होतो. साधारण 580 मीटर लांबीची, वरून छप्पर घातलेली गल्ली, दीडशेच्या आसपास दुकानं. मूळचा मासळीचा बाजार; शहरातले आचारी इथून माल न्यायचे. डिसेंबरच्या शेवटी नववर्षाच्या खरेदीसाठी ओसाकाचे लोक आजही इथे गर्दी करतात, पण एरवी गिऱ्हाईक मुख्यतः पर्यटक आणि भावही त्यांचा खिसा बघून लावलेले. खेकड्याची तंगडी किंवा वाग्यू (जपानी जातीच्या गाईचं) बीफची एक काडी घ्यायची तर दोन-तीन हजार येन सहज जातात. शंभर येन म्हणजे साधारण साठ रुपये धरा आणि करा हिशेब. शिवाय हा बाजार दिवसाचा आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास शटर पडायला लागतात, त्यामुळे 'रात्री कुरोमोनला जेवू' हा बेत मुळातच फसतो.

तरीही मालवण-रत्नागिरीकडच्या माणसाचा, किंवा मासळी नुसती बघायलाही आवडणाऱ्या कोणाचाही, सकाळचा एक तास इथे वाया जाणार नाही. ट्यूनाच्या दुकानासमोर उभं राहा. एकाच माशाचे तुकडे वेगवेगळे मांडलेले असतात: गर्द लाल ते आकामी, त्याहून फिकं गुलाबी चूतोरो आणि चरबीच्या पांढऱ्या रेघांनी भरलेलं पोटाकडचं ओतोरो. रंग फिका होत जातो तसा भाव चढत जातो. चाखायचंच असेल तर तिन्हींचा एकेक तुकडा असलेली थाळी घ्या, खेकड्याच्या वाटेला जाऊ नका. हिवाळ्यात फुगूही दिसेल, तोच तो विषारी मासा. तो साफ करायला परवाना लागतो, आणि ओसाकात तो उकळत्या हंडीत शिजवून मोठ्या हौसेने खातात.

दोतोनबोरीबद्दल फार लिहावं असं नाही. 1615 मध्ये पुरा झालेला कालवा, त्याच्या काठाने दिव्यांच्या पाट्या, ग्लिको या मिठाई कंपनीच्या पाटीवरचा धावणारा माणूस, पाय हलवणारा राक्षसी खेकडा. फोटोसाठी जायचंच असतं, तेव्हा जा, आणि तिथे फक्त ताकोयाकी खा. भांडं थेट आपल्या आप्पेपात्रासारखं, फक्त लांबलचक. त्यात पातळ पीठ खळग्यांबाहेर सांडेपर्यंत ओततात, वर ऑक्टोपसचे तुकडे, लाल आलं, कांद्याची पात. मग पोरगा दोन टोच्यांनी सांडलेलं पीठ आत ढकलत एकेक गोळा पाव फेरा फिरवतो, पुन्हा पाव फेरा, आणि बघता बघता अख्ख्या पत्र्यावर गोल चेंडू तयार. आतून ते पातळच राहतात, आणि तसेच हवेत. पहिला गोळा काडीने फोडून वाफ जाऊ द्या, नाहीतर टाळू भाजेल आणि पुढच्या सगळ्या खाण्याचं वाटोळं होईल. सहा-आठ नगांना साधारण सहाशे ते नऊशे येन. सगळ्यात लांब रांग असलेलं दुकान सगळ्यात चांगलं असतंच असं नाही. गरम माल पाहिजे एवढंच बघा.

शिनसेकाई नांबाहून मिदोसुजी लाइनने दोन स्टेशनांवर, दोबुत्सुएन-माएला उतरून. 1912 साली वसवलेली ही वस्ती मधल्या काळात बदनाम झाली होती; आता तिथेही पर्यटक आहेत, पण जुनेपण अजून टिकून आहे. वर त्सूतेनकाकू मनोरा, त्याच्या शेंड्यावरच्या दिव्यांच्या रंगावरून उद्याची हवा कळते: पांढरा म्हणजे ऊन, नारिंगी ढगाळ, निळा पाऊस. इथे खायचं ते कुशिकात्सू, म्हणजे बारीक ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेल्या काड्या. शंभर-दोनशे येनपासून एकेक काडी मिळते. पूर्वी टेबलावर सगळ्यांना मिळून एकच सॉसचं भांडं असे आणि एकदा चावलेली काडी त्यात पुन्हा बुडवायला सक्त मनाई. कोविडनंतर बऱ्याच दुकानांनी सॉस बाटलीत भरला. तळण पचावं म्हणून कच्चा कोबी देतात, तो मात्र मनापासून खा. मुलं बरोबर असतील तर मला हे दोतोनबोरीपेक्षा बरं वाटतं: तेन्नोजीचं प्राणिसंग्रहालय शेजारीच, आणि तळलेल्या काड्यांना मुलं नाही म्हणत नाहीत.

आता तेन्जिनबाशीसुजी. जपानमधली सगळ्यात लांब बाजारगल्ली म्हणून तिची ख्याती: साधारण 2.6 किलोमीटर, सहाशेच्या आसपास दुकानं, बहुतेक सगळी छपराखाली. जूनच्या पावसात याची किंमत कळते. इथे येणारा माणूस चष्मा दुरुस्त करायला, मोजे घ्यायला, आजीसाठी औषध न्यायला आलेला असतो आणि जाताजाता बटाट्याचं गरम कोरोक्के (तळलेलं कटलेट) खातो. त्यामुळे भाव शेजाऱ्यापाजाऱ्यांना परवडतील असेच ठेवावे लागतात. गल्लीचं दक्षिण टोक तेन्मांगू देवळापाशी. तेन्जिन मात्सुरी 24 आणि 25 जुलैला असते ती याच देवळाची. मी सुचवेन की उलटं चाला: दुपारी तेन्जिनबाशीसुजी रोकुचोमे स्टेशनवरून सुरुवात करा, तिथल्या घरांच्या संग्रहालयात एदोकाळची (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातली) ओसाका बघा (मंगळवारी बंद), मग दक्षिणेकडे. संध्याकाळी जेआर तेनमा स्टेशनच्या आसपासच्या बोळांत शिरा. दहा माणसं जेमतेम मावतील अशी उभ्याने प्यायची दुकानं, कामावरून सुटलेले लोक खांद्याला खांदा लावून उभे. एका दुकानात साशिमी (कच्च्या माशाचे काप), दुसऱ्यात ओदेन (रश्श्यात मंद शिजवलेले पदार्थ), तिसऱ्यात याकितोरी (काडीवर भाजलेली कोंबडी). बसायच्या दुकानांत ओतोशी नावाची छोटी वाटी न मागता येते आणि तिचे तीन-चारशे येन बिलात लागतात. ती फसवणूक नाही, तिथली पद्धत आहे. अडचण एकच: मेन्यू बऱ्याचदा हाताने लिहिलेला, निव्वळ जपानीत. फोनचं भाषांतर हस्ताक्षरापुढे हात टेकतं. शेजारच्याच्या ताटाकडे बोट दाखवलेलं चालतं.

बीफ न खाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ओसाकाकडे नुसतं 'निकू' लिहिलं असेल तर ते बीफ समजतात. कुशिकात्सूच्या यादीत पहिली, साधी 'कुशिकात्सू' असते तीही बहुधा बीफचीच. डुकराचं मांस असेल तर 'बुता' असं वेगळं सांगतात, कोंबडी 'तोरी'. आणि तळणीच्या तेलात बऱ्याच ठिकाणी प्राण्यांची चरबी असते, म्हणजे भेंडी-कांद्याची काडी मागवूनही सुटका नाही.

शाकाहारी असाल तर चारांपैकी एकही ठिकाण पोट भरायला उपयोगाचं नाही. ताकोयाकीच्या आणि ओकोनोमियाकीच्या (कोबी घातलेल्या जाड धिरड्याच्या) पिठातच माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. वरची सुक्या माशाची फ्लेक्स काढून टाकली तरी आतला मासा जात नाही. उरतात दाइफुकू मोची (गोड सारण भरलेला तांदळाचा गोळा), थंडीत भाजलेलं रताळं, फळं आणि एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा). त्यातल्या त्यात तेन्जिनबाशीत मिठाईची आणि फळांची दुकानं रोजच्या भावाची आहेत. शाकाहारी घरच्यांसोबत असाल तर त्यांना आधी नांबातल्या एखाद्या भारतीय हॉटेलात पोटभर जेवू घाला आणि मग दोतोनबोरीचे दिवे दाखवायला न्या.

सुटी नाणी आणि हजाराच्या नोटा जवळ ठेवा, छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतातच, त्यामुळे घेतलं तिथेच उभं राहून खावं आणि काड्या-कागद त्याच दुकानात परत द्यावेत. कुरोमोनमध्ये तर चालता चालता खाऊ नका अशा पाट्याच लावलेल्या दिसतील.