ऐंशी टोप्या, आणि एक मला

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात आयसिंगने बरबटलेले होते. पुढे जे झालं त्यात त्या बरबटलेल्या हातांचा वाटा मोठा आहे, म्हणून आधी तेच सांगते.

मी कोथरूडमध्ये घरूनच कुकीजच्या ऑर्डरी घेते. आयसिंगच्या शुगर कुकीज. बारसं, वाढदिवस, केळवण आणि निकाल लागले की पदवीच्या पार्ट्या. जुलैच्या सुरुवातीला एका गृहस्थांचा व्हॉट्सॲपवर हिंदीत निरोप आला. सैन्यात आहेत, नुकतीच खडकीला बदली झाली, मुलगा इंजिनिअर झाला, घरी पार्टी आहे. ऐंशी कुकीज हव्यात, सगळ्या पदवीच्या त्या काळ्या, गोंडेवाल्या टोपीच्या आकाराच्या. मी गमतीत विचारलं, पुण्यात आलाच आहात तर पगडी करू का? आपल्या विद्यापीठाच्या पदवीदानात २०१९ साली पुणेरी पगडी की फुले पगडी यावरून केवढा गदारोळ झाला होता! त्यांचं उत्तर, ‘जो आपको ठीक लगे.’ अंड्याचं चालेल का, तर तेही चालेल. भाव ९० रुपये नग, एकूण ७,२०० रुपये, लगेच मान्य. एका रुपयाची घासाघीस नाही. पुण्यात धंदा करणाऱ्या बाईला इथेच शंका यायला हवी होती.

मी निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मैदा चाळत नाही. या वेळी चाळला. ‘आमचं पेमेंट आर्मीच्या खात्यातून होतं, माल न्यायला ड्रायव्हर येईल त्या दिवशी सगळं एकदम,’ असं ते म्हणाले आणि न मागता कँटीन कार्डाचा, आधारचा, गणवेशातला असे तीन फोटो पाठवले. खडकी, दापोडी, वानवडी, खडकवासला. पुण्यात प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी फौजी असतोच. माझे मामा होते. त्या गणवेशाकडे आगाऊ रक्कम मागायची मला लाज वाटली. हे थापाडे नेमकं त्या लाजेवरच जगतात. फोटोतला माणूस खरा असेलही, पण तो बहुधा असाच कुठेतरी फसून आपले कागद पाठवून बसलेला दुसरा कोणी.

टोपीचा साचा माझ्याकडे नव्हता. बोहरी आळीत दोन दुकानं पालथी घातली, शेवटी पुठ्ठा कापून सुरीनेच आकार काढले. आणि ज्यांनी कधी केलं नसेल त्यांना सांगते, पावसाळ्यात काळं रॉयल आयसिंग म्हणजे शिक्षा. हवेत दमटपणा असला की ते वाळता वाळत नाही, आणि नीट वाळायच्या आत वर पिवळा गोंडा काढला की काळा रंग त्यात पाझरतो. पांढऱ्या आयसिंगला काळं करायला रंग भसाभस ओतावा लागतो आणि चव कडू होते, म्हणून मी आधी कोको घालून तपकिरी करते, मग काळा रंग थोडाच लागतो. आधी कडा, मग आतलं पातळ आयसिंग, मग रात्रभर पंख्याखाली. दोन रात्री हॉलमध्ये ताटंच ताटं. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटचे वीस गोंडे राहिले होते आणि फोन वाजला. ड्रायव्हर निघालाय, पेमेंट करून टाकू. घरात दुसरा फोन आहे का? त्यावर कोड पाठवतो, तुम्ही तुमच्या फोनवरून स्कॅन करा. आईचा फोन मैद्याच्या डब्याला टेकवला. पहिला कोड ५ रुपयांचा, ‘खातं तपासायला’. स्कॅन केला, पिन टाकला, ५ गेले आणि लगेच १० आले. बघा मॅडम, आमच्याकडे असंच येतं, दुप्पट होऊन. पुढचा कोड ३,६०० चा, म्हणजे ७,२०० येणार.

मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण माझी कहाणी ऐकून सगळे आधी हेच म्हणतात, ‘एवढंही कळलं नाही?’ पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला, हे मीच माझ्या कामवाल्या मावशींना शिकवलेलं. पण एका हातात आयसिंगचा कोन, तो मिटून बाजूला ठेवावा तर टोकाशी वाळतो, कानाशी माणूस सारखा ‘जल्दी, सर्व्हर बंद होईल’ म्हणतोय, आणि पाच रुपयांचे दहा झालेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. पडद्यावर भलत्याच कोणाचं तरी नाव दिसत होतं. ‘आमचा अकाउंटंट,’ तो म्हणाला. मी करंगळीने पिन दाबला.

३,६०० गेले. आलं काहीच नाही. अडकलं म्हणाला, तेवढ्याच रकमेचा दुसरा कोड टाका, दोन्ही एकदम सुटतील. तोही टाकला. तिसरा कोड ७,२०० चा. तो उघडेपर्यंत माझ्या फोनवर आलेले बँकेचे संदेश मुलीने वाचले आणि फोन माझ्या हातातून ओढून घेतला. तिकडून आधी आर्जवं, मग शिव्या, मग ब्लॉक.

पाऊण तास मी रडले. तो पाऊण तास खरं तर महागात पडला. असं झालं तर रडणं नंतर, आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. ते व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक मागतात, तो बँकेच्या संदेशात किंवा ॲपमध्ये मिळतो. पैसे समोरच्या खात्यातून पुढे गेले नसतील तर तिथेच अडकवता येतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. बँकेतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम तसाच होता. ग्राहकाच्या चुकीने गेलेला पैसा कळवेपर्यंत ग्राहकाच्या माथी, कळवल्यानंतर गेला तर बँकेच्या. दुसऱ्या खेपेतले २,१०० रुपये कुठल्याशा खात्यात अडकलेत असं कळलंय. हातात अजून काही नाही.

आता मी ऑर्डर घेताना पैसे आधी आणि रंग नंतर विचारते. कोणी कोड पाठवू का म्हटलं, तर माझाच कोड त्यांना पाठवते. ज्याला द्यायचे असतात तो निमूट देतो.

ड्रायव्हर अर्थातच आला नाही. गोंडे मात्र मी पुरे केले, अर्धवट टोप्या बघवेनात. सोसायटीत वाटल्या. दोन दिवस सगळ्या पोरांच्या जिभा काळ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या, दोन विषयांत एटीकेटी लागलेल्या मुलाने एकदम सहा उचलल्या आणि म्हणाला, ‘काकू, खरी मिळेपर्यंत यांच्यावरच भागवतो.’