गेज पाहून गॅस भरावा की वजन करून? सोलापूरच्या घरगुती एसीसाठी तुलना

सोलापुरात एप्रिलमध्ये पारा ४२ अंशांपुढे गेला की एसी थंड करत नाही ही तक्रार घरोघरी सुरू होते आणि 'गॅस कमी झालाय' हे निदान अनेकदा फोनवरच होऊन जाते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. तो खरोखर कमी झाला असेल, तर गळती कुठेतरी आहेच. म्हणून आधी फिल्टर आणि बाहेरची कॉइल धुऊन पाहावी, कारण धुळीने हवा अडली तरीही कूलिंग कमी होते, नळीवर बर्फही धरतो.

गॅस खरोखरच कमी असेल, तर पहिला मार्ग टॉप-अपचा. मशीन चालू ठेवून जाड पाइपाच्या व्हॉल्व्हला गेज, म्हणजे दाब मोजणारे मीटर, लावतात आणि काटा ठरावीक आकड्यावर येईपर्यंत सिलिंडर उघडा ठेवतात. अर्ध्या तासात काम होते, पैसेही कमी लागतात. आर-२२ या गॅसवरच्या जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या मशीनला ६० ते ७० पीएसआय (दाबाचे एकक) हा अंदाज बऱ्यापैकी चालून जाई. इन्व्हर्टर मशीनमध्ये मात्र गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलतो, आणि तो बदलला की काटाही हलतो. दुपारी योग्य वाटलेला दाब रात्री वेगळाच दिसतो. जास्त गॅस भरला गेला, तर भर उन्हात दाब चढून मशीन ट्रिप होते. थंड आणि गरम दोन्ही करणारे हॉट-अँड-कोल्ड मशीन हीटिंगवर असेल, तर त्याच व्हॉल्व्हवर उच्च दाब येतो, तेव्हा कूलिंगचे आकडे तिथे लावूच नयेत.

दुसऱ्या मार्गात उरलेला गॅस काढून घेतात, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती शोधतात, ती दुरुस्त करून व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढतात, आणि मग युनिटवरच्या पट्टीवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरतात. पाइप नेहमीपेक्षा लांब असेल, तर मॅन्युअलप्रमाणे मीटरमागे भर घालतात. याला दोन-तीन तास आणि जास्त खर्च लागतो, पण बाहेर ऊन असो वा थंडी, माप बदलत नाही.

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी सलग दोन उन्हाळे टॉप-अप झाला. तिसऱ्या वर्षी आलेल्या मेकॅनिकने गेज लावण्याआधी आउटडोअर युनिटच्या फ्लेअर नटावर, म्हणजे तांब्याच्या नळीचे पसरवलेले तोंड घट्ट धरणाऱ्या नटावर, बोट फिरवले. तिथे तेलावर चिकटलेल्या धुळीचे काळे कडे होते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते आणि आपल्याकडची धूळ त्यावर लगेच बसते. नळीचे ते तोंड (फ्लेअर) नव्याने करून गॅस वजनाने भरला, आणि त्यानंतर पुन्हा भरावा लागलेला नाही.

नव्या एसींमधल्या आर-३२ या गॅसमध्ये टॉप-अप चालतच नाही असेही सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. तो अनेक गॅसांचे मिश्रण नसून एकच घटक आहे, त्यामुळे गळतीने घटकांचे प्रमाण बिघडण्याचा प्रश्न येत नाही. अडचण एवढीच की आत किती उरलाय हे कळत नाही, त्यामुळे किती घालावा हेही कळत नाही. शिवाय तो सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून नळीत गॅस असताना वेल्डिंग करू देऊ नये.

माझ्या मते, जुने आर-२२ मशीन एक-दोन वर्षांत बदलायचेच असेल आणि गळती फार हळू असेल, तरच टॉप-अपला अर्थ आहे. इन्व्हर्टर असेल, तर मेकॅनिकला बोलावतानाच वजनकाटा, नायट्रोजन आणि व्हॅक्यूम पंप आणणार का, हे विचारून घ्यावे.